वहीतला तिसरा रकाना

दर पाच वर्षांनी वैद्यक परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी पाच वर्षांत 30 तासांचं शिक्षण घेतल्याचे पुरावे जोडावे लागतात. परवा तीच फाइल घेऊन बसलो होतो. कोल्हापूर, पुणे, गोवा, मुंबई. गुळगुळीत कागदावरची प्रमाणपत्रं, प्रत्येकावर माझं नाव वेगवेगळ्या चुका करून छापलेलं. त्यांतल्या दोन-तीन परिषदांत काय ऐकलं ते मला खरंच आठवत नाही. पनीर कसं होतं ते आठवतं. सकाळी दारात सही करून थेट साड्यांच्या दुकानात जाणारे डॉक्टर मी पाहिलेत, आणि एकदा बायकोच्या आग्रहाखातर मीही त्यांच्यात होतो.

ज्यांनी मला पदवीनंतर शिकवलं त्यांचं प्रमाणपत्र या फाइलीत एकही नाही.

1985 साली दक्षिण रत्नागिरीतल्या एका तालुक्याच्या गावी मी मुलांचा दवाखाना काढला. कोकण रेल्वे यायला अजून तेरा वर्षं होती. मुंबईला जायचं तर रात्रभर एस.टी. एक वैद्यकीय मासिक लावलं होतं. ते पोस्टानं दोन महिने उशिरा यायचं आणि पावसाळ्यात भिजून यायचं. एम.डी.च्या वह्यांवर माझं चाललं होतं. त्या वह्यांत जे आहे ते सगळं खरं, असं मला तेव्हा वाटत होतं.

1987च्या दिवाळीआधी, भात झोडायच्या दिवसांत, सहा वर्षांचा एक मुलगा आला. भाताचा भारा हलवताना लाल विंचू चावला होता. घामानं अंग चिंब, हातपाय गार, सारख्या उलट्या. कॉलेजात शिकलो होतो ते सगळं दिलं: ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीचं इंजेक्शन. पहाटे त्याच्या तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. वडील त्याचा हात धरून बसले होते, आणि मूल गेल्यावरही बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही.

पुढच्या महिन्यात काही कामासाठी रत्नागिरीला गेलो तेव्हा सरांकडे डोकावलो. सर म्हणजे तिथले जुने बालरोगतज्ज्ञ, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, नात्यातला नव्हतो. ओळख म्हणाल तर मी त्यांच्याकडे पेशंट पाठवत असे, तेवढीच. घटना सांगितली. ते आत गेले आणि झेरॉक्सची दोन पानं घेऊन आले. लॅन्सेट, 1986. लिहिणारे डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर, महाड.

हिम्मतरावांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचवानं मरणारी माणसं रात्र रात्र जागून पाहिली होती. विष हृदयावर कसा ताण आणतं, रक्तवाहिन्या कशा आवळतात आणि मग फुप्फुसांत पाणी कसं भरतं, हे त्यांनी ओळखलं, आणि रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते हे दाखवून दिलं. माझं ॲट्रोपिन उलट त्या थकल्या हृदयाला आणखी पळवत होतं. महाड माझ्या गावापासून एस.टी.नं सहा तासांवर. पण ही गोष्ट महाडहून लंडनला गेली, छापली गेली, झेरॉक्स होऊन रत्नागिरीत आली, आणि माझ्यापर्यंत पोचायला तिला एक वर्ष आणि एक मूल लागलं.

सरांनी मला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. कपाटातून गोळ्यांची एक पट्टी काढून हातात ठेवली. "किलोमागं तीस मायक्रोग्रॅम. तुझ्या त्या मुलाला अर्धी गोळी पुरली असती. आणि पहिल्या डोसनंतर मूल आडवंच ठेवायचं. आई उचलून कडेवर घेईल, तिला घेऊ द्यायचं नाही." पट्टीचे पैसे मी अजून दिलेले नाहीत. ते देणं फिटण्यातलं नव्हतंच. पुढच्या वर्षीच्या हंगामात त्या पट्टीतल्या गोळ्यांवर दोन मुलं वाचली.

मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "तिसऱ्या रविवारी येत जा."

तिसऱ्या रविवारी सरांच्या पडवीत सात-आठ डॉक्टर जमायचे. मुलांचे आम्ही तिघं, बाकीचे सगळ्यांना तपासणारे, एक सरकारी दवाखान्यातला. वहिनी घावन करायच्या. नियम एकच होता: सुधारलेली केस सांगायची नाही. त्यावर सरांचं म्हणणं, "ती सांगायला तुझी बायको आहे." जी चुकली ती आणायची, आणि हातात कागद घेऊन आणायची, कारण तोंडानं सांगताना माणूस वेळा बदलतो. हे मात्र अगदी खरं आहे. मी स्वतः बदलल्या आहेत.

शेवटी सर एक वही उघडायचे. लांब, हिशेबाची, लाल पुठ्ठ्याची. तीन रकाने. काय सोडलं, कधी, कुणामुळे. नवीन काय घेतलं याला रकाना नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, नवीन औषध सांगायला दर आठवड्याला टाय बांधलेला मुलगा बॅग घेऊन येतोच की. जुनं सोडायला सांगणारा कोणी येत नाही.

वहीतली पहिली ओळ: प्रत्येक जुलाबाला सलाइन. 1974. कुणामुळे: बनगाव. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हातात दिलं. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते चाराच्या खाली आले. सर या माणसाला कधी भेटले नव्हते. पण पडवीत महालनबीसांचं नाव घेताना गावातल्या थोरल्याचं घ्यावं तसं घ्यायचे. पुढे 2002 साली त्या पुडीतलं मीठ-साखरेचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेनं कमी केलं, 2004 साली जोडीला झिंक आलं. या दोन्ही गोष्टी मी तिथंच, घावन खात शिकलो.

एक नोंद माझ्यामुळे झाली. शहाण्णवच्या जुलैत माझ्याकडे चौदाशे ग्रॅमचं बाळ होतं आणि वीज गेली ती दोन दिवस आली नाही. जनरेटरनं आठ तासांत मान टाकली. आमच्या सिस्टरनं मला न विचारता बाळाचे कपडे काढले, टोपी-मोजे ठेवले, ते आईच्या छातीवर उघड्या त्वचेला लावून वरून लुगडं गुंडाळलं आणि मला म्हणाली, "डॉक्टर, आमच्याकडं असंच करतात." मी चिडलो. तापमान दर अर्ध्या तासानं मोजत राहिलो, तिला चूक ठरवायला. वॉर्मरखाली जेवढं स्थिर राहत नव्हतं तेवढं ते त्या लुगड्यात राहिलं. पडवीत हे सांगितलं तेव्हा सरांनी सांगितलं की कोलंबियात, बोगोटात, 1978 पासून हे रीतसर चालू आहे, कांगारूचं नाव देऊन. मग वहीत लिहिलं: कमी वजनाच्या बाळाला आईपासून दूर ठेवणं. कुणामुळे: सिस्टर, आणि वीज मंडळ.

2021 साली भारतासह पाच देशांतला मोठा अभ्यास छापून आला. एक किलो ते एक किलो आठशेपर्यंतची बाळं जन्मल्या जन्मल्या आईच्या छातीला लावली, स्थिर होईपर्यंत थांबलं नाही, तर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी होतात. तो वाचताना मला सिस्टर आठवली. निवृत्त होऊन ती देवरुखला राहते. तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. पाऊस कसा आहे तिकडं?"

आता जे सांगायचं ते मी बराच वेळ टाळतो आहे.

1957 साली हॉलिडे आणि सेगर या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी मुलाला शिरेतून किती पाणी द्यायचं याचं सूत्र मांडलं: पहिल्या दहा किलोंना किलोमागे शंभर मिलिलिटर, पुढच्या दहांना पन्नास, त्यापुढे वीस. जगातला प्रत्येक बालरोगतज्ज्ञ ते झोपेत म्हणू शकतो. त्याच हिशेबातून फार कमी मिठाचं सलाइन रूढ झालं, रक्तातल्या मिठाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाचं. आम्ही त्याला एन बाय फाइव्ह म्हणायचो. तापलेल्या, धाप लागलेल्या, वेदनेतल्या मुलाचं शरीर मात्र पाणी धरून ठेवतं, लघवीवाटे सोडत नाही. त्यात वरून हे अळणी पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते.

1994 साली चार वर्षांची एक मुलगी न्यूमोनियानं माझ्याकडे दाखल होती. सूत्राप्रमाणे, थेंब मोजून, मी तिला तेच सलाइन लावलं. दुसऱ्या रात्री तिला झटके आले, थांबेनात. गावात सोडियम मोजायची सोय नव्हती. मोठ्या गावाला पाठवली, तिथं ते 116 निघालं. हवं 135च्या वर. ती वाचली. तिच्या आईला मी म्हणालो, ताप मेंदूत गेला होता. मला तेव्हा तेच वाटत होतं, हे खरं आहे. पण ती चिठ्ठी मी पाहिली होती, आणि तो आकडा का उतरला असं स्वतःला विचारलं नव्हतं, हेही खरं आहे.

2008 साली कोल्हापूरच्या एका व्याख्यानात पडद्यावर तीच गोष्ट आली. न्यूमोनिया, कमी मिठाचं सलाइन, दुसरी रात्र, झटके. बोलणाऱ्यानं सांगितलं की इंग्लंडमध्ये आदल्या वर्षीच हे सलाइन मुलांच्या वॉर्डांतून हटवायला सांगितलं आहे. मी उठून बाहेर आलो. जेवणाची रांग लागली होती. घरी आल्यावर कपाटातल्या उरलेल्या बाटल्या फोडून मोरीत ओतल्या. पडवीत मात्र बोललो नाही. तीन वर्षं तिसऱ्या रविवारी जात राहिलो, दुसऱ्याच केसेस घेऊन.

2011 साली मुंबईत नवजात बाळांना श्वास देण्याची कार्यशाळा होती. सर त्र्याहत्तर वर्षांचे. नको म्हटलं तरी आले. रबराची बाहुली, ॲम्बू बॅग आणि शिकवायला पंचविशीतली एक मुलगी. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत फुप्फुसांत हवा गेली पाहिजे. सरांनी मास्क धरला, बॅग दाबली, बाहुलीची छाती हलली नाही. "सर, मान थोडी मागे. फूल हुंगतात तशी." पुन्हा दाबली. कडेनं हवा फुस्स गेली. या माणसानं पंचेचाळीस वर्षांत किती बाळांना श्वास दिला असेल! आम्ही सगळे इकडंतिकडं बघू लागलो. सरांनी चष्मा पुसला आणि त्या मुलीला म्हणाले, "बाळ, तुझा हात माझ्या हातावर ठेव आणि दाखव." चौथ्या वेळेला छाती उचलली गेली. मग ती म्हणाली की नव्या सूचनांप्रमाणे दिवस भरलेल्या बाळाला सुरुवात शुद्ध ऑक्सिजननं करायची नाही, साध्या हवेनं करायची. सर मोठ्यानं हसले. "म्हणजे इतकी वर्षं मी सिलिंडरचे पैसे उगाच भरले!"

परतीच्या गाडीत, पेण गेल्यावर, मी त्यांना ती मुलगी सांगितली. चौऱ्याण्णव, सलाइन, 116, सगळं. ते खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं एवढंच विचारलं, "आईला सांगितलंस?"

घर शोधायला कष्ट पडले नाहीत, लहान गाव. अंगणात आमसुलं वाळत होती. त्या बाईंनी मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली. मी सरळ सांगितलं: तेव्हा तिला झटके आले ते माझ्या सलाइननं आले असणार, ते चुकीचं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या ऐकत होत्या, हात आमसुलांवरून फिरत होते. मुलगी तोवर लग्न होऊन भिवंडीला गेली होती.

"तिला शाळा जमली नाय," त्या म्हणाल्या. "सातवीतनं काढली. ते ह्याच्यामुळंच काय?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "असेलही."

"आता कुनाला देत नाय ना तसलं?"

"नाही."

त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा हाकलून देतील, आणि दोन्हींची तयारी करून मी गेलो होतो. चहाची नव्हती.

त्या महिन्याच्या रविवारी पडवीत मी कागद घेऊन उभा राहिलो. वेळा बदलल्या नाहीत. शेवटी सरांनी वही उघडली. पहिला रकाना भरला, दुसऱ्यात 2008 लिहिलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी कोल्हापूरच्या व्याख्यात्यांचं नाव सांगितलं.

सरांचं पेन हललं नाही. पावसाचं पाणी पन्हाळीतून पडत होतं, कोणी काही बोललं नाही. मग मी तिचं नाव सांगितलं. ते त्यांनी लिहिलं, आडनावासकट, आणि स्पेलिंगची खात्री करावी तसं मला वाचून दाखवलं.