घाटमाथ्यावरून सागरतळाकडे

मावळ हा पाण्याचा मुलूख. इंद्रायणी आणि पवना याच भूमीत उगम पावतात. पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी फेसाळत उतरते. मात्र या गढूळ, वेगवान पाण्याचा तळ दिसत नाही. तळ पाहण्याची ओढ येथील कुटुंबांना दिवाळीनंतर मालवण-तारकर्लीकडे नेते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आणि रंगीत मासे पाहता येतात.

या दर्शनाचा आधार म्हणजे मास्क. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक झाकले जात नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तेव्हा नाकाने मास्कमध्ये थोडी हवा सोडावी लागते. म्हणून नाक झाकणारा मास्कच हवा. काच टफन्ड आणि कडा मऊ सिलिकॉनची असावी.

पण खरी पारख किमतीने होत नाही, एका श्वासाने होते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास आत ओढून रोखावा आणि हात सोडावा. मास्क चिकटून राहिला तर तो योग्य. पडला तर कितीही महाग असो, नाकारावा. केस कडेखाली अडकू देऊ नयेत. दाट मिशीमुळेही पाणी शिरते. चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरच्या काचा मिळतात. मुलांना मोठ्यांचा मास्क देऊ नये. आत पाणी शिरले की प्रथम धीर सुटतो आणि पाण्याखाली धीर हाच सोबती असतो.