समुद्राकडची खोली

गेल्या जानेवारीत आम्ही उभयता मुलीकडे सिंगापूरला निघालो. विमान बुधवारी रात्रीचे होते. नगरहून दोन दिवस आधी मुंबई गाठायची आणि घाटकोपरला भाच्याकडे उतरायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. या खेपेस सौ.नी तो मोडला. "अहो, या वेळी ताजमध्ये राहू या. पैसे माझ्या रिकरिंगचे," एवढेच त्या म्हणाल्या.

आपल्या व्यापारी घरांत नातलगांचे दार उघडे असताना हॉटेलात उतरणे म्हणजे त्या घराचा अवमानच समजतात. भाच्याला फोन करताना माझा आवाज जरा कापरा झाला, हे मान्य करतो. पलीकडे क्षणभर शांतता, मग "बरं, मामा." ते दोन शब्द मला पुढे मुक्कामभर टोचत राहिले.

ताजशी आमची ओळख जुनी, परंतु बाहेरून. १९८४ साली माझी नेमणूक फोर्टमधील शाखेत होती. रविवारी संध्याकाळी गेटवेपाशी कठड्यावर बसून आम्ही भाजलेले शेंगदाणे खात असू. आत जाऊन चहा घेऊ या, असे सौ. कधी म्हणाल्या नाहीत. मीच न विचारता सांगत असे की, तेथील चहा आपल्याला परवडायचा नाही. आजचे दोन रात्रींचे भाडे माझ्या त्या वेळच्या वर्षभराच्या पगाराहून अधिक भरते, हे गणित मी रिसेप्शनपाशी उभ्या उभ्याच करून टाकले. सवय जात नाही.

खोली जुन्या इमारतीत, समुद्राकडच्या बाजूस मिळाली. मुंबईचा समुद्र म्हटला की आपल्याला चौपाटी, वरळी, जुहू आठवते आणि सूर्यास्त आठवतो. हा किनारा मात्र बंदराचा, पूर्वेकडे तोंड असलेला. येथे सूर्य पाण्यावर उगवतो. जानेवारीत तो सव्वासातच्या सुमारास वर आला, तेव्हा सौ. खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. तेथून नवकारशीची ४८ मिनिटे. घरी ही ४८ मिनिटे दूध, पाणी, पूजा आणि कामवालीची वाट पाहणे यांत कशी सरतात ते कळतही नाही. येथे त्या नुसत्या बसून राहिल्या. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचा त्यांनी मोजल्या, कबुतरे पाहिली. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतका वेळ हात मोकळे ठेवून बसलेल्या पाहिले नव्हते.

मी भाच्याचा विषय काढला, तेव्हा त्या खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "तिथं मला स्वस्थ बसवत नाही, आणि मी ओट्यापाशी गेले की सूनबाईलाही बसता येत नाही. दोघी दिवसभर उभ्या. तुम्ही दोघे पुरुष सोफ्यावर." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुपारी इमारत हिंडून पाहिली. जमशेटजी टाटांनी उभारलेले हे हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच मे महिन्यात जमशेटजी गेले. समोरचे गेटवे १९२४ चे. म्हणजे वीस वर्षे हॉटेलसमोर ती कमान नव्हतीच. इमारतीच्या वास्तुकारांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले मराठी गृहस्थ होते. ते मध्येच निवर्तल्यामुळे काम चेंबर्स यांनी पूर्ण केले. मोठ्या जिन्याचे कठडे, वरचा घुमट हे पाहताना मान दुखून आली. खाली २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात येथे मृत्यू पावलेल्या ३१ जणांचे स्मारक आहे. सौ.नी हात जोडले आणि सगळी नावे सावकाश वाचली. मी मध्ये बोललो नाही.

सी लाउंजमध्ये चहाही घेतला. चाळीस वर्षे राहिलेला चहा! सौ.नी दोन घोट घेतले, बाहेर जेथे आम्ही बसत असू त्या कठड्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "आपला आल्याशिवायचा घरचा चहा बरा." मी मात्र कप पूर्ण संपवला, पैसे दिले होते.

चौविहाराची मला थोडी धास्ती होती. ताट साडेपाचलाच खोलीत मागवले. फोनवरच्या मुलाने आपणहून विचारले, "कांदा, लसूण, बटाटा काहीच नको ना?" खोलीतून मावळतीचा सूर्य दिसत नाही, गेटवेच्या पिवळसर दगडावरून ऊन वर वर सरकत जाते आणि शेवटी माथ्यावरून निघून जाते. तेवढ्यात आमचे जेवण आटोपले होते.

बुधवारी दुपारी खोली सोडली. बिल मी दोनदा तपासले, बरोबर होते. टॅक्सीत बसताना मी ड्रायव्हरला विमानतळ सांगणार, तोच सौ. म्हणाल्या, "घाटकोपरला घ्या." मग माझ्याकडे वळून, "विमान रात्री आहे ना? सकाळीच सूनबाईला फोन केलाय. साडेपाचला ताटं वाढेल. पोळ्या मात्र मी जाऊन लाटणार, असं सांगितलंय."