जसं बोलला तसं

निजामपुऱ्यात आमच्या गल्लीत लूम थांबले, तरच रात्री जाग येते. शेजारच्या खालांचा मुलगा अशाच एका कारखान्यात कामाला होता. सुताच्या गाठोड्यांना त्यानं आग लावली, असा खटला उभा राहिला. धोट्यातून कुणीतरी नावानं हाका मारतं, एवढंच तो सांगायचा. न्यायालयानं त्याला तपासणीसाठी ठाण्याच्या मनोरुग्णालयात पाठवलं. घरच्यांना बोलावणं आलं. खाला म्हणाल्या, "मास्टर, तुम्ही सोबत चला."

१९०१ सालचं ते रुग्णालय. मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधीच सांगितलं, "इथं जे सांगाल ते माझ्या अहवालात येईल आणि अहवाल न्यायालयात जाईल." डॉक्टर गुपित राखतो, एवढंच आम्हाला ठाऊक. खाला चपापल्या.

तरी हळूच म्हणाल्या, "त्याच्यावर असर आहे." बाई हसल्या नाहीत. "मोहल्ल्यात आणखी कुणाला अशा हाका ऐकू येतात?" "नाही. मौलवीसाहेबसुद्धा म्हणाले, डॉक्टरला दाखवा." बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. जे सगळा समाज मानतो आणि जे एकट्यालाच ऐकू येतं, त्यांतला फरक त्या शोधत होत्या.

मुलगा आमच्या कोकणी बोलीत तुटक बोलत होता. बाईंना ती पुरती कळेना, म्हणून मी मराठीत सांगू लागलो. त्यांनी मला थांबवलं. "सर, तुम्ही वाक्यं नीट करताय. तो जसं बोलला तसंच सांगा. अर्धवट तर अर्धवट."

मी खजील झालो. आयुष्यभर मुलांची वाक्यंच सुधारत आलो होतो.

नंतर त्यांनी समजावलं. प्रश्न दोन असतात. आज त्याला खटला समजतो का? आणि त्या रात्री आपण काय करतोय, ते चूक आहे, हे त्याला कळत होतं का? दुसऱ्या प्रश्नासाठी पूर्वी दंड संहितेचं कलम ८४ होतं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम २२ आहे. आजार असला म्हणजे सुटका झाली, असं नाही. निर्णय न्यायाधीशांचा. सोंगाचं काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "एका भेटीवर मी काही ठरवत नाही. वॉर्डातल्या रोजच्या नोंदी, जुने कागद, घरच्यांचं सांगणं, सगळं ताडून पाहते."

परतताना बसमध्ये खालांनी विचारलं, "मास्टर, आपल्या बोलण्यानं काही बिघडलं तर नाही ना?"

"मी बिघडवणारच होतो, खाला," मी म्हणालो. "बाईंनी थांबवलं."