ढोल पोटात, ताशा दातांत

ताशा मला दातांत ऐकू येतो. कानांत पोचायच्या आधीच हिरड्यांना कळ लागते, मान आखडते, आणि समोरच्याचे ओठ हलताना दिसत असले तरी शब्द लागत नाहीत. ढोलाचं तसं नाही. तो पोटात उतरतो, बरगड्यांखाली ठाण मांडतो आणि तिथून थेट पायांना बोलावतो. लालबागच्या आमच्या गल्लीत हे दोघे कायम जोडीनेच आले. त्यामुळे लहानपणापासून पाय मिरवणुकीकडे धावायचे आणि कान घरात पळायचे. "पोरगी भित्री आहे," असं चाळीत ठरून गेलं होतं. भीती नव्हती ती. दुखायचं. लहान मुलाला भीती आणि दुखणं वेगळं करून सांगता येत नाही, आणि मोठी माणसं विचारत नाहीत.

असे कान पुष्कळांना असतात. काही स्वमग्न मुलांना, काही अर्धशिशीवाल्यांना, आणि ज्यांच्या फायलीत कसलंच निदान नाही अशाही अनेकांना. कुकरची शिट्टी, परळ स्टेशनात गाडी थांबतानाचं ते चाकांचं किंचाळणं, फरशीवर पडलेलं स्टीलचं ताट. बाकीच्यांसाठी हे क्षणात होऊन जातं, आमच्या अंगात ते बराच वेळ वाजत राहतं. ए. जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७२ साली पुस्तक लिहून या गोष्टीचा नीट विचार मांडला: कान, त्वचा, सांधे, तोल यांच्याकडून आलेल्या खबरा मेंदूत जुळाव्या लागतात, आणि सगळ्यांच्या त्या एकाच रीतीने जुळत नाहीत. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा कमला निंबकरांनी १९५० साली काढली ती आमच्या परळच्या केईएममध्ये. जिथल्या रस्त्यांवरून इतके ढोल जातात तिथेच ही विद्या आधी रुजली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अशा कानांना मानवलेलं फंक संगीत माझ्याकडे हेडफोनमधून आलं, वय बरंच झाल्यावर. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनने साठच्या दशकाच्या मध्यावर गाण्यातलं प्रत्येक वाद्य ढोल करून टाकलं. गिटार सूर आळवत नाही, खरवडते. तुताऱ्या एक तुकडा फेकतात आणि गप्प होतात. बास मात्र चालत राहतो, आणि सगळा भार आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. ब्राउन आपल्या वादकांना सतत त्या 'एका'वर आणून सोडायचा. आपल्या कानांना या पहिल्या मात्रेची, म्हणजे समेची, ओळख जन्माची आहे. वादक कुठेही भटको, समेवर भेटणार, ही खात्री असते म्हणून तर मैफलीत माना डोलतात. माझ्यासारखीला त्या खात्रीची किंमत अधिक. पुढचा ठोका कुठे पडणार हे ठाऊक असलं की दात आवळावे लागत नाहीत. शिवाय फंकमध्ये ठोक्यांच्या मध्ये रिकामी जागा असते. तेवढ्यात मी श्वास घेते.

हे सगळ्यांना मानवेल असं मी म्हणणार नाही. तुतारीचा तो अचानक फेकलेला तुकडा एखाद्याला सुरीइतका लागतो. फंकचा बासवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवायचा; त्यांच्याकडे ड्रमवाला उरला नाही, तेव्हा त्याने ठोक्यांची उणीव भरायला बासच्या तारा अंगठ्याने आपटायला सुरुवात केली. तो फटका मला हवासा वाटतो. माझ्याच ओळखीतल्या एका मुलाला तो ऐकला की उलटी येते. २०१४ साली संशोधक मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी फंकचे ड्रमचे तुकडे लोकांना ऐकवून पाहिले. फार सरळ ताल ऐकून नाचावंसं वाटेना, फार गुंतागुंतीचा ऐकूनही वाटेना. मधल्या गुंत्याला पाय हलले. मला वाटतं, आमचाही असा मधला टप्पा असतोच. तो फक्त इतरांच्या जागी नसतो, आणि ज्याचा त्याला शोधावा लागतो.

जेम्स ब्राउनचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड अमेरिकेतल्या चॅटनूगाचा. लहानपणी आसपासच्या कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे ठेके ऐकत आपण ताल शिकलो, असं तो सांगे. हे वाचलं आणि मला आजोबा आठवले. ते कापड गिरणीच्या साचाखात्यात होते. शेकडो साचे एकदम चालू, धोटे इकडून तिकडे आपटत, आवाज नव्वद डेसिबलच्या पुष्कळ वर. बोलणं सगळं हातांनी आणि ओठांनी. निवृत्तीनंतर त्यांना ऐकू कमी येई, पण जेवण होईपर्यंत बोटं पाटाच्या कडेवर साच्याची लय धरून असत. तोच यंत्रांचा ठेका एका मुलाला वादक करून गेला आणि गिरणगावातल्या किती माणसांचे कान घेऊन गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, साचे थांबले. ढोल उरले.

फंक आपल्याकडे आलं ते ताडदेवच्या फिल्म सेंटरच्या दारातूनही. राहुलदेव बर्मन तिथे ध्वनिमुद्रण करत, आणि त्यांच्या ताफ्यात अमृतराव काटकर रेसो वाजवत. खाचांवर काडी घासायची, एवढंच ते वाद्य. घासण्याचा आवाज एरवी मला असह्य. पण काटकरांचा प्रत्येक घास मात्रेवर इतका नेमका पडतो की अंगावर शहारा येतो तो सुखाचा.

आणि आमची बेंजो पार्टी! रवी जाधवांनी २०१६ साली या वादकांवर चित्रपटच काढला. बेंजोच्या तारा कर्ण्यातून चिरत जातात, मागे ताशा, पण खालचा ठेका असा लचकत चालतो की त्याला फंक म्हणायला मी एका पायावर तयार आहे. वर्षानुवर्षं मी ते खिडक्या लावून ऐकलं. मग एका वर्षी गणपतीच्या आगमनाच्या दिवशी गर्दी टाळायला इमारतीमागच्या बोळात शिरले आणि ताशा नाहीसा झाला. उंच स्वर भिंतींना अडतात, खालचे स्वर कोपऱ्यावरून वळून येतात. शाळेतल्या भौतिकशास्त्राचा साधा नियम. बोळात पोचत होता फक्त ढोल, आणि बासचा धक्का. मी चपला काढल्या आणि नाचले.

आता दरवर्षी तिथेच उभी असते. मंडळाची पोरं बोलवायला येतात, "मावशी, पुढे या ना, राजेशाही थाट आहे!" मी त्यांना सांगते, तीन डेसिबल खाली घ्या, ध्वनीची ऊर्जा निम्मी होते आणि नाचणाऱ्याला फरक जेमतेम कळतो. सुरुवात एकट्या ढोलाने करा, ताशा नंतर येऊ दे, म्हणजे ज्याला सरकायचं त्याला सरकायला वेळ मिळेल. रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्राची तरतूद २००० सालच्या नियमावलीत आहे, आणि केईएम, वाडिया, टाटा एका हाकेवर असलेल्या परळात ती पाळायलाच हवी. काही ऐकतात. गेल्या वर्षी त्यांनी बोळात चार खुर्च्या टाकल्या. कानांवर मफ लावलेली दोन मुलं आयांबरोबर आली होती, आणि धाकट्याने खुर्चीवर बसायला साफ नकार दिला. त्याला दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले हवे होते. यंदा मी सतरंजी मागितली आहे.