खाण बंद, गाव चालू

लाँग वीकेंडला ‘काहीतरी हटके’ म्हणून आम्ही चौघं बंगळुरूहून कोलार गोल्ड फील्ड्सला गेलो. ही सोन्याची खाण २००१ साली बंद पडली. खोली सुमारे ३.२ किलोमीटर! आत जायला बंदी, त्यामुळे कुंपणाबाहेरूनच गंजलेले मनोरे, ओसाड कारखाना आणि सायनाइडमिश्रित मातीच्या टेकड्या पाहिल्या. इथे वीज आली १९०२ मध्ये, बंगळुरूच्याही आधी.

‘एकदम घोस्ट टाउन यार!’ कॅमेरा सरसावत मित्र म्हणाला.

चहावाले अण्णा हसले. ‘मग पहाटेच्या ट्रेनला गर्दी कुणाची?’

खाणकामगारांची मुलं-नातवंडं रोज त्याच ट्रेनने बंगळुरूला नोकरीला जातात. तुमच्याआमच्यासारखीच, गळ्यात आयकार्ड अडकवून. आपल्याला जे भन्नाट लोकेशन वाटतं, ते कुणाचं तरी घर असतं, बॉस!