आमचं मंत्रिमंडळ

न्हावरे, पाबळ, केंदूर, मांडवगण असो की पाटस, वरवंड, यवत, राहू. घोड-भीमेच्या मुलखात आम्ही सगळे एकाच शाळेत शिकलो म्हटलं तरी चालेल. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, पण शिरूरला शेवटपर्यंत घोडनदीच म्हणणारी आमची म्हातारी माणसं शाळेलाही 'लोकल बोर्डाची' म्हणत राहिली.

आठवतंय ना? इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेलं ते पातळसं नागरिकशास्त्र. सरपंच, सभापती, राज्यपाल पाठ व्हायचे आणि परीक्षा झाली की विसरायचे. विसरलं नाही ते आमचं मंत्रिमंडळ.

जूनमध्ये शाळा भरली की निवडणूक. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, खडूच्या रिकाम्या खोक्याची मतपेटी आणि निवडणूक अधिकारी गुरुजी. सहलमंत्री व्हायला ही झुंबड! पाणीमंत्री व्हायला मात्र कुणी पुढे येत नसे. खरं राज्य त्याचंच असायचं. हापशावरून बादल्या आणायच्या, रांजण घासून भरायचा, ओगराळ्यानेच पाणी घ्या म्हणून सातवीतल्या दांडगटालाही बजावायचं. गावात कुणाचा पाणवठा कुठे होता, हे घरातली थोरली माणसं सांगत. शाळेत रांजण एकच होता आणि त्यातलं पाणी साऱ्या आळ्या, साऱ्या वस्त्या प्यायच्या. समतेचा धडा आम्ही असा घोटाघोटाने शिकलो.

आठवतंय ना? शनिवारी वर्ग सारवायचा. शेण-पाणी मुलांनी आणायचं, सारवायचं मुलींनी; ही वाटणी चुकीची होती, हे आज मोकळेपणाने म्हणायला हवं. जुन्या शेलातली काजळी नि पाला घासून फळा काळा करायचा. फाटलेला महाराष्ट्राचा नकाशा खळ लावून चिकटवायचा. फळ्याच्या कोपऱ्यात 'पट' आणि 'हजर' लिहायचं, तेही खरं लिहायचं, जिवलग मित्र गैरहजर असला तरी. प्रभातफेरीच्या आदल्या रात्री तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री. रोज खड्या आवाजात म्हटलेली प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली, हे मात्र फार उशिरा कळलं.

सहल रांजणगावला, नाहीतर भीमेपलीकडे सिद्धटेकला. परत आल्यावर सहलमंत्र्याने पै-पैचा जमाखर्च वर्गापुढे वाचायचा आणि उरलेली चिल्लर टेबलावर ठेवायची. तिसरीतलं पोरही उठून विचारी, "शेंगदाण्याचे पैसे कुठं धरलेत?" गुरुजी त्याला खाली बसवत नसत, मंत्र्याला उत्तर द्यायला लावत.

१९९३ पासून ग्रामसभेला राज्यघटनेतच जागा मिळाली. तिथे उठून "जमाखर्च वाचा" म्हणायला छाती लागते. आमच्यातल्या ज्यांना ती आली, त्यांना ती शेंगदाण्याच्या हिशेबातूनच आली, असं आम्ही मनापासून मानतो.

२०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन सक्तीचं झालं. फार चांगलं झालं. त्याच्या जोडीला पोरांच्या हाती मतपेटी, पाण्याची जबाबदारी आणि हिशेबाची वही द्यायला हवी. खराटा मुलगा-मुलगी दोघांच्याही. यंदा जूनमध्ये आपापल्या गावच्या शाळेत जाऊन एवढं तरी विचारू या: मंत्रिमंडळ निवडलं का, आणि सहलीचा हिशेब कोण वाचणार?