चाकण की रांजणगाव?

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकण आहे आणि नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर रांजणगाव. पहिले नाव आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचतो, दुसरे आजीच्या तोंडून अष्टविनायकांत ऐकतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा चिमुकला भुईकोट शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. रांजणगावच्या महागणपतीला साकडे घातले तेव्हाच त्रिपुरासुराचा वध करणे प्रत्यक्ष शंकराला जमले, अशी कथा आहे. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या या दोन गावांच्या माळांवर पुढे मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि पुणे जिल्ह्यातल्या या दोन माळांनी एकमेकींच्या उरावर बसतील अशा दोन मोटारींना जन्म दिला. त्यांतली एक निवडायची होती. म्हणून हा प्रवास.

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. तिथे होणाऱ्या पोलोची चपळ बहीण, ‘पोलो जीटी टीएसआय’, २०१३ साली आली. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘अबार्थ पुंटो’ बाहेर पडली. दिसायला दोन्ही संसारी हॅचबॅक. मागचे दार वर उचलावे आणि भाजीच्या पिशव्या ठेवाव्यात. पण पोलोच्या बाराशे सीसीच्या इंजिनात १०५ घोडे आणि अबार्थच्या चौदाशे सीसीत १४५! अशा गाड्यांना ‘हॉट हॅच’ म्हणतात, असे आमच्या चिरंजीवांनी सांगितले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावरच एक चक्र फिरवायचे, त्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची आणि लहान इंजिनाकडून मोठ्याचे काम करून घ्यायचे, ही दोघींचीही युक्ती. धूर वाया न घालवण्याची ही काटकसर मला फार मध्यमवर्गीय वाटली.

नव्या होत्या तेव्हा दिल्लीच्या भावाने पोलो आठ लाखांच्या आसपास आणि अबार्थ दहा लाखांना पाच हजार कमी. मराठीच्या अध्यापकाने त्या काळी नुसते पाहायचे. आज दोन्ही इतिहासजमा आहेत. पोलोचे उत्पादन इथे २०२२ साली थांबले आणि फियाटने तर त्याआधीच आपल्या नावाच्या मोटारी आपल्याकडे विकणे बंद केले. त्यामुळे निवड जुन्या बाजारातली, आणि दोघींच्याही किमती साडेपाच लाखांच्या आतबाहेर. वेतनाच्या फरकाचे पैसे हाती होते ते बरोबर तेवढेच.

मोटार हवी होती ती आईसाठी. आई माणगावला एकटी राहते. पुण्याच्या बिऱ्हाडात तिचा जीव रमत नाही. गेल्या श्रावणात रात्री अकराला शेजाऱ्यांचा फोन आला, आई न्हाणीघरात पडली. भाड्याची गाडी मिळवून आम्ही ताम्हिणी उतरलो तेव्हा उजाडत आले होते. सुदैवाने हाड मोडले नव्हते. पण ती रात्र सौभाग्यवतीच्या आणि माझ्या मनातून गेली नाही.

“मोटार हवी हे मान्य,” सौ. म्हणाली, “पण ती इतकी पळणारी कशाला?”

घाटात मालमोटारीच्या मागे रखडायचे नसेल, तर ती ओलांडण्यापुरते बळ हाताशी असावे, असे मी सांगितले. ते खोटे नव्हते. पण पंचेचाळिशी आली, पुढची मोटार बहुधा विजेची असणार, आणि एकदा तरी मनासारखी गाडी चालवावी, हेही मनात होतेच. सौ. बँकेत आहे. अर्जदाराचे न सांगितलेले कारण तिला आधी दिसते.

आमच्या ओळखीच्या मेकॅनिकचा सल्ला घेतला. तो म्हणाला, “सर, पोलोची गिअरपेटी नीट तपासून घ्या. ती रुसली तर खर्च मोठा. अबार्थचं इंजिन दणकट आहे, पण काही भाग शोधत बसावं लागेल. एकीत खर्च, दुसरीत शोध.” एवढे अर्थगर्भ वाक्य आमच्या विभागाच्या बैठकीत मी वर्षभरात ऐकले नव्हते.

भाद्रपदातल्या एका रविवारी मेहुण्यांची गाडी मागून घेतली. आई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीसाठी पुण्यात होती. रांजणगाव म्हटल्यावर दर्शनासाठी तीही निघाली. मागे बसून निकाल देणारे माणूस आम्हाला हवेच होते.

भोसरी सोडली की नाशिक रस्त्यावर कंटेनरांची जी रांग लागते ती चाकणपर्यंत सोबत करते. चाकण पूर्वी कांदे-बटाट्यांच्या बाजारासाठी ओळखले जाई. तो बाजार आजही भरतो; पण हमरस्त्यावरून दिसतात ते पत्र्याचे शेड आणि कामगारांच्या बसगाड्या. गावात शिरून आम्ही संग्रामदुर्ग पाहिला. थोडी तटबंदी, काही बुरूज, खंदकाची खूण, आणि भोवती घरांची दाटी. शाहिस्तेखानाला जे साधायला दोन महिने लागले ते घरे बांधणाऱ्यांनी निवांतपणे साधले आहे.

पोलोचे मालक सज्जन निघाले. गाडी लाल, दहा वर्षांची आणि निगुतीने ठेवलेली. सौ. चालवायला बसली. हिला क्लचचा पायच नाही. गिअर सात आणि क्लच दोन. एक क्लच विषम आकड्यांचे गिअर सांभाळतो, दुसरा सम. तिसरा चालू असतो तेव्हा चौथा आधीच तयार असतो; पुढचा धडा घरून वाचून आलेल्या विद्यार्थ्यासारखा! सौ.ने खेडच्या दिशेने मोकळा रस्ता पाहून पाय दाबला, आणि गाडी काहीही न बोलता पुढे गेली. ना धक्का, ना आरडाओरडा. मला ती जरा जास्तच शहाणी वाटली. मागून आई म्हणाली, “गुडघे टेकतायत रे पुढे.” सौ.ने थांबून तिला पुढे बसवले आणि मला मागे धाडले. दहा मिनिटांनी पाहतो तो आई झोपली होती. प्रवासात तिला कधी झोप लागत नाही.

चाकणहून शिक्रापूरला आडवा रस्ता जातो. शेलपिंपळगावावरून जाणाऱ्या या रस्त्याने दोन हमरस्ते आणि दोन औद्योगिक वसाहती जोडल्या आहेत, आणि त्याची किंमत रस्त्याने स्वतःच्या अंगावर मोजली आहे. खड्डा चुकवावा तर समोर ट्रेलर. पण मध्येच भीमा लागते. पावसाने भरलेली, गढूळ, संथ. पुलावर आईने खिडकीची काच खाली करून हात जोडले. पुढे पंढरपूरला हीच चंद्रभागा होते ना!

रांजणगावला दर्शनाची रांग बेताची होती. पूर्वाभिमुख देऊळ आणि शेंदरी प्रसन्न मूर्ती. आईचे समाधान होईपर्यंत चिरंजीव चुळबुळत होते. त्यांचे दैवत बाहेर वाहनतळावर येऊन उभे होते.

अबार्थचे मालक तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला. बदली झाल्याने विकायला काढली म्हणाले. पांढरी गाडी, कडेला लाल पट्टे, आणि नाकावर विंचू. “अगंबाई, विंचू कशाला लावलाय?” आई एक पाऊल मागे सरली. कार्लो अबार्थ हा १९०८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात जन्मलेला मनुष्य. वृश्चिक राशीचा, म्हणून त्याने १९४९ साली काढलेल्या आपल्या कंपनीचे चिन्ह विंचू ठेवले. ती कंपनी १९७१ मध्ये फियाटने घेतली. ‘फियाट’ हा शब्द कानी पडताच आईचा चेहरा बदलला.

“आमच्या डॉक्टरांची फियाट होती,” ती मालकांना सांगू लागली. “याच्या वेळी मला महाडला नेलं ते त्याच गाडीतून. पावसात. डॉक्टर स्वतः चालवत होते.”

या जन्मकथेनंतर निःपक्षपाती राहणे मला कठीण होते. मी चालवायला बसलो. सुकाणू जड, पण हाताशी खरे बोलणारे. पाच गिअर आपल्या हातांनी टाकायचे. काटा दोन हजारांच्या खाली असेपर्यंत गाडी पेंगुळलेली. पलीकडे गेला की पाठीवर कुणीतरी तळहात ठेवून ढकलावे तसे वाटते. मी तो अनुभव दोनदा घेतला. तिसऱ्यांदा घेणार तोच रस्त्याची एक तडा गेलेली पट्टी आली आणि आईच्या तोंडून “आई गं!” निघाले. स्प्रिंगा कडक होत्या. या बळाला तशाच लागतात.

सौ.नेही चालवली. वळवताना एका झोकात वळेना. मागेपुढे करावे लागले. परत आल्यावर ती क्षणभर स्टिअरिंग धरूनच बसली. “आहे बाई जोरदार,” म्हणाली. चिरंजीवांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

शिक्रापूरला चहा घेताना निकाल लागला. चिरंजीवांनी चाळीस घोड्यांचा फरक पुन्हा सांगितला. मी डॉक्टरांच्या फियाटचा दाखला देणार होतो, तेवढ्यात सौ. म्हणाली, “पुन्हा रात्री अकराला फोन आला आणि तुम्ही परगावी परीक्षक म्हणून गेला असलात, तर घाट मी उतरणार. मला त्या वेळी गाडीशी झटापट नको. गिअरपेटीसाठी मी वेगळे पैसे बाजूला टाकीन. खर्च करता येतो. शोधत कोण बसणार?”

“आणि पुढच्या सीटवर मला बसवा,” आई म्हणाली.

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ होते, पण ते घोड्यांच्या बाजूचे होते, आईच्या बाजूचे नव्हते. मेकॅनिकने दोन दिवसांनी चाकणला जाऊन गिअरपेटी तपासली, सौ.ने तिथल्या तिथे विसार दिला, आणि त्या संध्याकाळी मी रांजणगावला फोन करून नकार कळवला. तसे कळवायला मला थोडे जडच गेले.

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग ते गृहस्थ म्हणाले, “बरं झालं, सर. काल दुसरे एकजण येणार होते, त्यांनाही मी नको म्हणालो. बदलीच्या गावी घेऊनच जातो आता.” जरा थांबून त्यांनी विचारले, “तुम्ही कुठली घेतलीत?”

“चाकणची,” मी म्हणालो.

“चांगली गाडी आहे,” ते म्हणाले, आणि आईंची पाठ आता कशी आहे ते विचारले.